थंडोबाच्या जिवाला घोर

मित्रांनो, आधी माझं झाकण नीट लागलंय का ते बघा. लागलंय? पुन्हा एकदा बघा. हं, आता बोलू. झाकण उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, सुरीवर बर्फ धरतो आणि मग सगळं मुसळ केरात. मी काळजी करणाऱ्यांपैकी आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. काय करणार, स्वभावाला औषध नाही.

एका प्रयोगशाळेतला जुना क्रायोस्टॅट आहे मी. नाव ऐकून घाबरू नका. एक गार पेटी, तिच्यात एक धारदार सुरी आणि बाजूला हाताने फिरवायचं एक चाक, एवढाच माझा संसार. गोठवलेला मेंदू माझ्या पोटातल्या धातूच्या चकतीवर चिकटवायचा, चकती सुरीपुढे बसवायची आणि चाक फिरवायचं. मग त्याचे केसाहून पातळ काप निघतात. ते काचेच्या पट्टीवर उचलून घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मेंदू कुणाचा म्हणाल, तर उंदराचा. सोललेल्या शेंगदाण्याएवढा असतो. उगाच नाक मुरडू नका. माणसांच्या कितीतरी दुखण्यांचा माग त्या शेंगदाण्यातूनच लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेवटच्या तपासणीला आम्ही सगळ्या पेट्या रांगेत उभ्या होतो. बाकीच्या शांत होत्या, माझा इशाऱ्याचा लाल दिवा मात्र काही नसताना लुकलुकला. तपासणाऱ्या मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "याचा जीव नुसता मुठीत आहे. असू दे, असली यंत्रं दगा देत नाहीत." त्या दिवसापासून मी मुठीतला जीव मुठीतच ठेवून जगतोय.

प्रयोगशाळेत आणलं तेव्हा माझा काय थाट होता! येणारेजाणारे मला बघायला थांबत. माझ्यासोबत फोटो काढत. माझ्यावर पहिल्यांदा काम करू लागली ती एक तरुण बाई. ती कुणाशी फारसं बोलत नसे. डबासुद्धा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून खाई. चाक फिरवताना एकच धून गुणगुणे, आणि तिचा हात इतका संथ असे की काप कधी फाटायचा नाही. मला वाटायचं, आता आयुष्यभर आमची जोडी जमली.

पण एकदा तेव्हाचे प्रमुख आणि त्यांचे एक स्नेही माझ्या झाकणावर कोपरं टेकून गप्पा मारत उभे राहिले. प्रमुख म्हणाले, "बाईचं काम सोन्यासारखं आहे हो, पण माणूसघाणी आहे. कुणात मिसळत नाही, चहाला येत नाही. अशा माणसाला पुढे ठेवून करायचं काय?" ती मागच्या मोरीवर काचा धूत होती. तिने ते ऐकलं. वर्ष संपलं तेव्हा तिला ठेवून घेतलं नाही. जाताना तिने माझी सुरी पुसली, झाकण लावलं, ते लागलंय का हे दोनदा बघितलं आणि गेली.

तेव्हा 'ऑटिझम' हा शब्द लोक लहान मुलांपुरता, आणि त्यातही मुलग्यांपुरता वापरत. शिकलीसवरलेली मोठी बाई, तिला कसला आलाय ऑटिझम? म्हणून तिला दुसरी नावं मिळाली. शिष्ट, घुमी, माणूसघाणी. मला तरी कुठे माहीत होतं! मला एवढंच कळलं की चांगलं काम केलं तरी माणूस घालवतात. तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

पुढे वर्षं गेली. माझ्या चाकाला कुरकुर लागली, पोटात बर्फ जास्त साठायला लागला. प्रमुख बदलले आणि मॅडम आल्या. हुशार बाई, पण सदा घाईत. जिना चढता चढता जेवायच्या. त्यांच्या हाताखाली एक मोठे संशोधक होते, त्यांना सगळे 'दादा' म्हणत. दादा म्हणजे दिलदार माणूस. कुणाचं काम अडलं की हा आधी धावणार. मला 'थंडोबा' हे नाव त्यांनीच दिलं. रोज सकाळी येऊन माझ्या अंगावर चापट मारत म्हणायचे, "काय थंडोबा, चालतोस का, की ढकलू?"

आणि मग ती आली. दुसरी.

कानांवर आवाज रोखणारे मोठे हेडफोन, पाठीवर दप्तर. मॅडमनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "वर्षभर काम बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू." ती म्हणाली, "म्हणजे काय काय बघणार?" सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि उत्तर न देता निघून गेल्या. मी मात्र आतून पार गारठलो, आणि माझ्यासारख्याने गारठायचं म्हणजे बघा!

हा 'म्हणजे' तिच्या तोंडी कायम असे. कुणी म्हणालं, "हे जरा लवकर दे," की ही विचारणार, "लवकर म्हणजे कधी?" कुणी म्हणालं, "थोडं पातळ काप," की "थोडं म्हणजे किती?" दादांनी तिचं नावच पाडलं, 'म्हणजेताई'. तिला ते आवडलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. दादांच्या विनोदावर ती दुसऱ्या दिवशी हसायची. एकटीच, चाक फिरवता फिरवता, अगदी खो खो. एकदा एकीच्या वाढदिवसाला तिने "केक कोरडा झालाय" असं सरळ सांगितलं आणि नंतर सगळे गप्प का झाले याचा आठवडाभर विचार केला. काचा फोडण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण माझं चाक तिच्या हातात आलं की ती स्वस्थ होई, आणि मीही.

दुपारी ती माझ्या शेजारी बसून जेवायची. फोन माझ्या झाकणावर ठेवून आत्याशी बोलायची. आत्यानेच तिला लहानाची मोठी केली. आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे फोनमधून मागे शिवणयंत्राची खडखड ऐकू यायची. तो एकच आवाज तिला चालत असे.

"जेवलीस का गं?" आत्या विचारायची.

"जेवतेय."

"त्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं, ते तुझ्या मॅडमच्या कानावर घातलंस का? ते ऑटिझमचं?"

"नाही. सांगितलं तर म्हणतील, हिला झेपायचं नाही. नाही सांगितलं तर म्हणतील, शिष्ट आहे."

"बाई गं! म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर."

"दोन्हीकडे विहीरच झाली की, आत्या."

"तेच तर म्हणतेय मी!"

आत्या हसली. ही हसली नाही. मला तर रडूच आलं, पण माझं पाणी बाहेर आलं की लोक दुरुस्तीवाल्याला बोलावतात. म्हणून मी गप्प बसलो.

तर मित्रांनो, आता नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच झाला. काप काढायच्या आधी मेंदू चकतीवर उभा चिकटवतात. त्याचं नाकाकडचं टोक वर ठेवता येतं किंवा खाली. नाक वर असेल तर डावी बाजू काचेवर डावीकडे येते. नाक खाली असेल तर तीच डावी बाजू उजवीकडे येते. दुकानाच्या काचेवर बाहेरून लिहिलेलं नाव आत उभं राहून वाचा, म्हणजे कळेल. आणि एकदा काप काचेवर बसला की डावं कुठलं, उजवं कुठलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

आमच्याकडे शिरस्ता होता, नाक वर. फक्त दादा नाक खाली ठेवत. त्यांचा सगळा अभ्यास मेंदूच्या मागच्या भागाचा, त्यामुळे तो भाग आधी सुरीखाली यावा म्हणून. ते त्यांचं वेगळं काम होतं, त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

म्हणजेताईने आपल्यापुरती एक जादा सोय केली होती. आत्या कापड बेतताना प्रत्येक तुकड्याच्या एका कडेला कात्रीने बारीक खूण करायची, उलटसुलट होऊ नये म्हणून. तशी ही मेंदूच्या डाव्या बाजूला बारीक सुईने एक भोक पाडायची. दादांनी ते पाहिलं.

"अगं, हे कशाला? वेळ जातो त्यात. आपण नाक वरच ठेवतो ना?"

"कुणी खाली ठेवलं तर?"

"कोण ठेवणार?" दादा म्हणाले आणि हसत निघून गेले. ती भोकं पाडत राहिली.

त्या वर्षी एक मोठा प्रयोग चालला होता. उंदराला उजव्या पंजाने एक छोटी दांडी ओढायला शिकवायचं, आणि शिकल्यावर मेंदूच्या कुठल्या बाजूला नवे धागे फुटतात ते बघायचं. उजव्या हाताचा कारभार मेंदूची डावी बाजू बघते, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. म्हणून सगळ्यांना वाटत होतं, डावीकडेच बदल दिसेल. पुढे हात लुळा पडलेल्या माणसांना व्यायाम शिकवताना या माहितीचा उपयोग व्हायचा होता.

प्रयोग ऐन भरात असताना इमारतीत आगीचा सराव झाला. कुणी आधी सांगितलं नव्हतं. भोंगा एकदम माझ्या डोक्यावरच वाजला. माझा दिवा लुकलुकला, पण माझं सोडा. ती जिन्यात कानांवर हात दाबून खाली बसली आणि भोंगा थांबल्यावरही उठेना. कुणी काही विचारलं की ओठ हलायचे, शब्द येत नव्हते. आत्या येऊन तिला घरी घेऊन गेली. पुढचा सगळा आठवडा ती आली नाही.

कुणीतरी म्हणालं, "एवढ्याशा आवाजाला एवढं?" दादा त्याच्यावर डाफरले. "गप रे. बरं नसेल तिला. तिच्या वाटणीचं काम मी ओढतो, मॅडमना कळायचं कारण नाही."

आणि दादा माझ्याकडे आले. तिच्या वाटणीचे मेंदू घेतले, चकतीवर ठेवले. नाक खाली! हाताला सवय तीच. मन दुसऱ्या कामात, ओठांवर शीळ. मी माझा लाल दिवा लुकलुकवला. चाक अडवून बघितलं. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अहो दादा, हे तुमचं काम नाही, हे तिचं आहे! दादांनी मला चापट मारली. "काय थंडोबा, तुझंही डोकं दुखतंय का?" माझ्या पोटातला बर्फ खरवडला आणि पुन्हा नाक खाली. सगळा आठवडा. भल्या माणसाने भल्या हेतूने केलेली चूक बघत बसणं यासारखी शिक्षा नाही, सांगून ठेवतो.

ती परत आली तेव्हा दादांनी तयार काप तिच्यासमोर ठेवले. "घे, तुझा आठवडा भरून काढला. कुणाला काही बोलू नकोस." तिने थोडा वेळ त्यांच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही चांगले आहात." दादा लाजले. एवढं मोठं प्रशस्तिपत्र तिने कधी कुणाला दिलं नव्हतं.

सगळ्या कापांतले नवे धागे मोजले गेले आणि प्रयोगशाळेत एकच जल्लोष झाला. बदल दोन्ही बाजूंना दिसत होते! उजवा पंजा शिकला आणि उजवी बाजूही वाढली. असं कुणी पाहिलं नव्हतं. मॅडम पहिल्यांदाच खुर्चीत बसून जेवल्या. शुक्रवारी मोठ्या रुग्णालयातली मंडळी यायची ठरली. एका हाताच्या व्यायामाने दोन्ही बाजू वाढतात, तर लुळ्या हाताऐवजी चांगल्या हातालाच व्यायाम देऊन बघता येईल, असं बोलणं सुरू झालं. दादा मॅडमना म्हणाले, "आपल्या म्हणजेताईचा यात मोठा वाटा आहे. तिला कायम करायचं मी तुम्हाला सांगणार आहे." मॅडम म्हणाल्या, "शुक्रवार पार पडू दे, मग तेच बघू."

मी मनात म्हटलं, आता काय होणार? खोट्यावर इमला चढतोय आणि तिची जागा त्याच इमल्यावर ठेवलीय.

मंगळवारी ती सगळे काप पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला बसली. बाकीचे चांगले काप तेवढे निवडून बघत. हिला मधलं काही गाळता येत नाही, गाळलं तर तिला चैन पडत नाही. अर्ध्यावर आली आणि थांबली. काही काचांवर कापांची रांग उलटी होती. आधी मागचा भाग, मग पुढचा. आणि त्या कापांना भोक नव्हतं. म्हणजे त्यांची डावी बाजू उजवी म्हणून मोजली गेली होती. ती उठली, माझ्याजवळ आली, माझ्या रिकाम्या चकतीकडे बघत उभी राहिली. तिला कळलं. मला हायसंही वाटलं आणि धडकीही भरली.

जेवताना आत्याला फोन झाला.

"दादांच्या हातून उलटे लागलेत. सगळं चुकलंय."

"मग सांग त्यांना."

"त्यांनी माझ्यासाठी केलं होतं ते. आणि तेच माझी बाजू मांडणार आहेत. मी सांगितलं तर कोण मांडेल?"

शिवणयंत्र थांबलं. "आणि नाही सांगितलंस तर?"

"तर कुणाचा तरी लुळा हात तसाच राहील."

"मग गं?"

"मग काही नाही. मला भीती वाटतेय, आत्या."

"वाटणारच. मलाही वाटतेय," आत्या म्हणाली. डबा तसाच राहिला.

गुरुवारी मीटिंग होती. मीटिंगची खोली माझ्या शेजारीच, मधे नुसती काचेची भिंत, आणि दार उघडं. ती कडेच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर हात घट्ट धरलेले. मॅडमनी उद्याची सगळी तयारी सांगितली आणि शेवटी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" म्हणजेताईने हात वर केला. सगळ्यांनी माना वळवल्या. तिचे ओठ हलले. शब्द आला नाही. कुणीतरी खुर्ची करकरवली, कुणीतरी घड्याळ बघितलं. "बरं, मग झालं तर. उद्या वेळेवर या," मॅडम म्हणाल्या आणि कागद गोळा करू लागल्या. ती उठली आणि सगळ्यांच्या आधी खोलीबाहेर आली.

"बघा, निघालीसुद्धा! उद्या एवढा मोठा दिवस, पण हिला काही आहे का त्याचं?" कुणीतरी म्हणालं. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. जुन्या प्रमुखांच्या कपाळावरची तशीच आठी माझ्या ओळखीची होती.

ती माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसली, कान झाकून, पुढेमागे हलत. मला वाटलं, संपलं. आता ही सुरी पुसणार, झाकण लावणार आणि जाणार. मला कसंही करून तिला थांबवायचं होतं आणि माझ्याकडे काय होतं? एक कुरकुरणारं चाक.

तेवढ्यात दादा आत आले. स्टूल ओढून जरा लांबच बसले. "काय झालं गं? कुणी काही बोललं का?"

तिने मान हलवली. तोंड उघडलं, मिटलं. मग ती उठली आणि सरावासाठी ठेवलेले दोन मेंदू काढून आणले. दोन्हींच्या डाव्या बाजूला सुईने भोक पाडलं. दादा बघत होते. एक मेंदू तिने चकतीवर ठेवला, नाक वर. दुसरा दुसऱ्या चकतीवर ठेवला, नाक खाली. दादा पुढे सरकले.

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल! सकाळपासून माझी मोटर धाप टाकत होती. सुरीवर बर्फाची कणी होती. काप फाटला असता, गुंडाळी झाली असती, तर दादांना काहीच दिसलं नसतं. मी सगळा जीव एकवटला. थंडी धरून ठेवली. तिने चाकाला हात घातला. पहिला काप फाटला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. तिने ब्रशने सुरी साफ केली, डोळे मिटले, पुन्हा चाक फिरवलं. काप अखंड सुटला. तिने तो काचेवर घेतला. मग दुसऱ्या मेंदूचा एक काप, त्याच काचेवर, शेजारी. काच दादांच्या हातात दिली.

एका कापात भोक डावीकडे होतं. दुसऱ्यात उजवीकडे.

दादा काच उजेडाकडे धरून बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "मी," ते म्हणाले. "त्या आठवड्यात. अरे देवा! मी नाक खाली ठेवून..."

तिने मान डोलावली. आणि तेव्हा तिचा आवाज आला, अगदी बारीक. "माझ्यासाठीच केलंत. मला माहीत आहे. म्हणून सांगता येत नव्हतं."

दादांनी चष्मा काढून पुसला. "वेडी आहेस का? उद्या पाहुण्यांसमोर बोलून बसलो असतो तर? चल, मॅडमना मी सांगतो."

"मी पण येते. तुम्ही बोला, मी शेजारी उभी राहते."

दोघं गेली. मी एकटाच उरलो, आणि काळजीने माझा दिवा लुकलुकत राहिला. मॅडम चिडतील. चिडलेलं माणूस आधी कुणाला घालवतं? जी गप्प बसते तिला. मला हे अनुभवाने माहीत होतं.

दुपार कलल्यावर मॅडम स्वतः आल्या. मागे दादा. ती चाक पुसत होती.

"उद्याचा कार्यक्रम मी रद्द केला," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक होता. "रुग्णालयाला मीच फोन करून सांगितलं, आमच्या हातून चूक झाली. नवे उंदीर शिकवून सगळे काप पुन्हा काढावे लागतील. ते असू दे. मला हे सांग, तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी! आणि आज मी सगळ्यांसमोर विचारलं, कुणाला काही सांगायचंय का, तर तू उठून निघून गेलीस. का?"

तिचा हात फडक्यावर तसाच थांबला. दादा पुढे झाले. "मॅडम, तिचं असं आहे की..."

"तुम्ही थांबा. मी तिला विचारलंय."

मॅडमच्या हातातला फोन वाजायला लागला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. आता जाणार, मला वाटलं. दार अर्ध्या हातावर होतं. माझी मोटर आपली घुरघुरत होती, मला तिचीही लाज वाटली. मॅडमनी फोन बंद करून खिशात टाकला. स्टूल ओढलं आणि बसल्या. एरवी न बसणारी ती बाई बसली. दादांनी घसा खाकरला, तर मॅडमनी नुसता हात वर केला.

ती माझ्या चाकाकडे बघत होती. खूप वेळाने बोलली.

"मला ऑटिझम आहे. गेल्या वर्षी कळलं. तुम्ही काढून टाकाल म्हणून बोलले नाही. मला बोलता येतं. पण सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले की शब्द जागचे हलत नाहीत. तुम्ही विचारलंत, मग लगेच कागद गोळा केलेत. माझं उत्तर अजून येत होतं."

मॅडम म्हणाल्या, "मी तुझ्याबद्दल काय ठरवलं होतं, सांगू? काम चांगलं, पण माणसांत मिसळत नाही, म्हणून पुढे नको. दादांनी तुझी कितीही बाजू मांडली असती तरी मी तेच केलं असतं." दादांनी मान खाली घातली. मॅडम पुढे म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. कसं वागायचं ते तूच मला शिकव. आणि असं काही दिसलं तर त्याच दिवशी मला सांग. बोलता आलं नाही तर दादांना काप दाखवलास तसा मला दाखव. पण मंगळवारचं गुरुवारवर नको."

"म्हणजे मी इथे राहू?"

"राहा. आणि आगीच्या सरावाचं मी खालच्या ऑफिसला सांगते. आधी कळवल्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही."

तिने फडकं घडी करून ठेवलं, घडी नीट झाली नाही म्हणून पुन्हा केली, आणि म्हणाली, "ठीक आहे." बस्स, एवढंच. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसलं नाही. मला दिसलं.

पुढे सगळे काप पुन्हा काढले. माझ्याच सुरीवर. बदल डाव्या बाजूलाच होते, शाळेत सांगतात तसे. नवल काही निघालं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग नवा क्रायोस्टॅट आला, आपोआप चालणारा. मला भिंतीशी सरकवलं. आता माझ्यावर धूळ बसते, कुणी कुणी माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवतं, आणि आठवण झालीच तर नवशिकी मुलंमुली येऊन माझ्यावर हात साफ करतात. भंगारात जायची टांगती तलवार रोजच आहे. म्हटलं ना, घोर काही सुटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची निगा राखायची असेल तर झाकण लावा, बर्फ काढा, सुरी पुसा, एवढं पुरे. माणसाची निगा मला अवघड वाटायची. पण त्या दुपारी मॅडमनी केली ती मी समोरून पाहिली. त्यांनी प्रश्न विचारला आणि त्या बसून राहिल्या. तुमच्या वर्गात, घरात, कुणी पटकन बोलत नसेल, तर तेवढं करा. दुसऱ्याने मधे बोलू नये. आपण घड्याळ बघू नये. मला अजूनही रोज एकाच गोष्टीची भीती वाटते, की या क्षणी कुठल्या तरी खोलीत कुणीतरी बोलायच्या अगदी बेतात आहे, आणि समोरचा माणूस उठून चाललाय.